चार नंबरचं दार

सासूबाई दाजींशी बोलत नसत, आणि घर तर दोनच खोल्यांचं. त्यामुळे न बोलणं हेसुद्धा रोजचं एक कामच होऊन बसलं होतं. काही सांगायचं झालं तर त्या मुलीकडे, म्हणजे दाजींच्या बायकोकडे, ताईकडे बघून सांगत, "त्यांना म्हणावं, पाय पुसून आत या." दाजी हातभर अंतरावर उभे असत. ताई तो निरोप पुन्हा उच्चारत नसे. दाजी आपणहून मागे फिरत आणि पाय पुसत.

बाहेरची खोली पडद्यांनी भरलेली असे. ताई घरी पडदे शिवून देई. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांचे. कापडाचे तागे भिंतीला टेकून उभे, मधोमध शिलाई मशीन, खिडकीपाशी सासूबाईंची खाट. चालायला जी वाट उरे तिच्यातून दोन माणसं एकमेकांना न लागता जाऊ शकत नसत. सासूबाई येताना दिसल्या की दाजी ताग्यांना चिकटून उभे राहत. त्या नजर न उचलता पुढे जात.

दाजींना दाजी हे नाव त्यांच्या मेव्हण्याने दिलं होतं. तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणणार हे ठीकच होतं. पण कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागल्यावर तो तिथेही तशाच हाका मारायला लागला, आणि महिन्याभरात मॅनेजरपासून हमालांपर्यंत सगळ्यांचे ते दाजी झाले. "माझ्या बायकोला याने सगळ्या गावाची बहीण करून ठेवली," असं दाजी तेव्हा म्हणत. त्या मेव्हण्याला घरात बारक्या म्हणत. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि तो दाजींमुळे गेला, हे घरानेही धरलं होतं आणि गावानेही.

बारक्या नुसता नावाचा बारक्या. लहानपणी सारखा आजारी म्हणून ते नाव पडलं, पुढे गडी एवढा वाढला की दारातून वाकून यायचा. सैन्यात गेला. लढाई झाली, तिच्यात होता, आणि परत आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला अंगणात उभं केलं, शेजारणींना बोलावलं आणि त्याचे हात उलटेपालटे करून दाखवले. "बघा, एक ओरखडा नाही." हे त्या पुढे वर्षभर सांगत राहिल्या. भाजीवाल्याला, डॉक्टरला, बसच्या कंडक्टरलासुद्धा. बारक्या शेजारी उभा राहून हसत असे.

ओरखडा खरंच नव्हता. पण रस्त्यात कुठे खड्डा बुजवून नवं डांबर टाकलेलं दिसलं की खाली सुरुंग पुरलेला असावा तसा तो त्याला मोठा वळसा घालून जाई. पोरं मागून त्याची नक्कल करत. न्हाव्याकडे तो बसू शकत नसे. गळ्याभोवती कापड आवळलं की श्वास अडके. मग ताईच त्याचे केस कापी, पडद्यांच्या कात्रीने, आणि तो म्हणे, "ताई, झालर नको लावूस." सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती की तो हसत असे. बघणाऱ्याला वाटावं, स्वारी मजेत आहे.

कोल्ड स्टोरेजची यंत्रं आणि दारं दाजींच्या देखरेखीखाली होती. त्यांनी शब्द टाकला आणि बारक्याला माल आत-बाहेर करायच्या कामावर घेतलं. तिथल्या बाकीच्या खोल्यांत बटाटे, सफरचंदं असत, तिथे नुसता गारवा. चार नंबरमध्ये मात्र सगळं गोठवून ठेवत. मासे, मटार, लोण्याचे खोके. हमाल त्या खोलीत शिरत ते बाहेर पडायच्या बेतानेच. बारक्या मात्र तिथे रेंगाळे.

एक दिवस दाजींनी विचारलं, "काय करतोस रे आत एवढा वेळ?"

"बसतो."

"बागेतलं बाकडं आहे का ते?"

"दाजी, आत ते पंखे घुमतात ना, त्यापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. डोक्यातलंसुद्धा नाही. थोडा वेळ बसलं की मी माणसात येतो."

दाजींनी त्यावर विचार केला. बसतोय तर बसू दे, कुणाचं काय जातंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला जाडजूड जाकीट मिळवून दिलं, फार वेळ थांबायचं नाही अशी तंबी दिली, आणि तो आत असला की अधूनमधून दार किलकिलं करून बघायचं ठरवलं. मॅनेजरने विचारलं तर ते म्हणत, आत खोके लावतोय. घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दाराची भीती नव्हती. बाहेरून कडी लागली तरी माणूस आत अडकू नये म्हणून त्या दारांना आतून एक दांडा असतो. तळहाताने ढकलला की दार उघडतं. दाजी दर आठवड्याला स्वतः आत जाऊन, दार लावून घेऊन, प्रत्येक दांडा ढकलून बघत.

त्या शनिवारी बारक्या घरी सांगून गेला की मित्राकडे राहतोय, सोमवारी परस्पर कामावर जाईन. तो गेला असं धरून दाजींनी संध्याकाळी दारं लावली, आणि रविवारी कोल्ड स्टोरेज बंद असे. सोमवारी सकाळी दाजी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचले, एकेक खोली बघत चार नंबरपाशी आले आणि दार उघडलं.

बारक्या लोण्याच्या खोक्यांना पाठ टेकून बसला होता. जाकीट अंगात नव्हतं. घडी करून शेजारी ठेवलेलं होतं. बूट काढलेले, जोडीने लावलेले, नाड्या आत खोचलेल्या.

दाजी त्याच्याजवळ खाली बसले. हाका मारल्या. गालाला हात लावला आणि काढून घेतला. मग त्यांना दाराची आठवण झाली. त्यांनी आतून दार लावून घेतलं आणि दांडा ढकलला. दार रोजच्यासारखं उघडलं, जराही न कुरकुरता. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. पुन्हा उघडलं.

तिथे उभं असताना त्यांच्या डोक्यात एकच आवाज होता, सासूबाईंचा. एक ओरखडा नाही. ही बाई आता हे कसं ऐकणार? आणि ताई, जी त्याचे केस कापत होती? आणि गावातले लोक, जे आधीच त्याच्या वळशांना हसत होते, ते आता काय काय म्हणतील? दाजींनी जाकिटाची घडी मोडली आणि ते बारक्याच्या खांद्यांवर टाकलं. खिशातून पाना काढला आणि दांड्याचा नट एवढा ढिला केला की दांडा नुसता फिरत राहावा. मग बाहेर येऊन माणसांना हाका मारल्या.

चौकशी झाली तेव्हा ते म्हणाले, "नट ढिला होता. माझ्या लक्षात आला होता. करतो करतो म्हणत राहून गेलं." नोकरी गेली, यंत्रांवर काम करायचा परवाना गेला. घरी ताईने त्यांना एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला दिसला होता नट?"

"हो."

पुढे तिने काही विचारलं नाही. ती सोडूनही गेली नाही. तिला जायला दुसरं घर नव्हतं आणि तिच्या आईला दुसरं मूल उरलं नव्हतं. म्हणून मग तिघंही त्याच दोन खोल्यांत राहिली. ताई दाजींना जेवायला वाढे, त्यांचे कपडे धुई, आणि ते खोलीत आले की मशीन जरा जोरात चालवी. दाजी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांचे घरगुती फ्रिज दुरुस्त करत. पहिले काही महिने त्यांना वाटे, एक दिवस सांगून टाकू. पण सांगायचं लांबत गेलं तसं ते जास्तच अवघड झालं. आता नुसतं बारक्याचं सांगून भागणार नव्हतं, एवढे दिवस का सांगितलं नाही हेही सांगावं लागणार होतं. पुढे पुढे त्यांना स्वतःलाच कधी कधी तो नट ढिला दिसल्याचं आठवायला लागलं. तेव्हा मात्र ते घाबरले.

अशातच एके दुपारी बिनतारी आला.

पस्तिशीचा, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट. दारातच त्याने ओळख सांगितली. "मी बारक्याबरोबर होतो, ताई. माझ्या पाठीवर बिनतारीचं यंत्र असायचं, म्हणून सगळे मला बिनतारी म्हणायचे. यंत्र परत केलं, बडबड तेवढी राहिली."

ताईने ताग्यांमधून वाट करून त्याला खुर्ची दिली. तो खरंच बडबड्या होता. बारक्या तिथे सगळ्यांचे फाटके मोजे शिवून द्यायचा, म्हणाला. माझ्या बहिणीचा टाका आहे, उसवणार नाही, अशी हमी द्यायचा. गायचा तर असा की शत्रूने ऐकलं असतं तर त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं असतं. ताई हसली. किती दिवसांनी हसली ते तिचं तिलाच कळलं असावं, कारण तिने लगेच तोंडावर पदर धरला. सासूबाईसुद्धा खाटेवर सरसावून बसल्या.

मग बिनतारीने आल्याचं कारण सांगितलं. "आमच्या तुकडीतले दोघं तिथे गेले. त्यांची नावं चौकातल्या दगडावर आहेत. पण घरी आल्यावर चौघं गेले, मावशी. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांनाही लढाईनेच नेलं, फक्त उशिरा नेलं. पुढच्या महिन्यात आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जमतोय, त्यांची नावं घ्यायला. बारक्याचं घ्यावं का, हे विचारायला आलोय."

सासूबाईंचा चेहरा मिटला. "माझ्या मुलाचं तिथे काय काम? तो धडधाकट आला होता. एक ओरखडा नव्हता त्याला. असल्या लोकांत त्याचं नाव घालू नका."

"आई," ताई म्हणाली.

"आई काय? दार बिघडलं म्हणून गेला तो. ज्यांचं दार होतं ते मागे शेडमध्ये बसलेत. त्यांना विचारा म्हणावं."

दाजींना शेडमध्ये हे सगळं ऐकू येत होतं. पत्र्याला कान असावेत तसं त्या घरातलं सगळंच इथे ऐकू येई. बिनतारी येऊन दारात उभा राहिला तेव्हा ते एका फ्रिजच्या मागे वाकून बसले होते आणि बराच वेळ एकच स्क्रू पिळत होते. त्यांनी पायाने एक रिकामा खोका पुढे सरकवला. बिनतारी त्यावर बसला.

"दाजी ना तुम्ही? बारक्या फार सांगायचा तुमच्याबद्दल."

दाजी स्क्रू पिळत राहिले.

"दार खरंच बिघडलं होतं का?"

"हो."

बिनतारीने मोठा श्वास सोडला. "वाईट बोलतोय मी, पण सुटल्यासारखं वाटलं. त्या शनिवारी त्याचा फोन आला होता मला. मी उचलला नाही. त्याचा फोन आला की जुनं सगळं निघायचं, आणि त्या दिवशी मला ते नको होतं. तेव्हापासून सारखं वाटतंय, उचलला असता तर. पण दारच बिघडलं म्हणजे फोनचा काही संबंध नाही. हो ना?"

"काही संबंध नाही," दाजी म्हणाले. त्या खोट्याने पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं झालं होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं कसं चाललंय? झोप वगैरे लागते?"

"घरात नाही लागत. पण सोय केलीय मी. भावाचं गॅरेज आहे, तिथे जातो. शटर ओढून घेतो, गाडीच्या काचा वर करतो आणि नुसता बसतो. बाहेरचं काही आत येत नाही. तासभर बसलं की माणसात येतो."

दाजींनी वर बघितलं. बिनतारी बारक्याच्याच चेहऱ्याने हसत होता. तोच हसण्याचा पडदा, आणि त्याच्यामागे डोळे भलतीकडेच.

"भावाला माहीत आहे?"

"छे. तो म्हणेल, वेड लागलं."

"बसल्यावर उठून बाहेर यावंसं वाटतं का?"

 बिनतारीने शर्टाची बाही नीट केली. "रोज वाटतंच असं नाही," तो म्हणाला.

दाजी उठले. शेडमध्ये उठून जायला जागा नव्हती, दोन्हीकडे फ्रिज. ते पुन्हा बसले. हा माणूस आता इथून जाणार, मनावरचं ओझं उतरलं म्हणून खुशीत जाणार, आणि संध्याकाळी शटर ओढून घेणार. बसण्यात काही धोका नसतो, धोका दारांना असतो, असं आपणच आत्ता त्याला सांगितलं.

"दार बिघडलं नव्हतं," दाजी म्हणाले.

बिनतारी खोक्यावर पुढे सरकला.

"नट मी ढिला केला. नंतर. दार उघडत होतं. तो तिथे रोज बसायचा, तू बसतोस तसाच, आणि मला माहीत होतं. मरायला गेला होता की नेहमीसारखा बसायला गेला होता, हे मला ठाऊक नाही. बसल्या बसल्या उठायचंच राहून गेलं असेल. पण त्याला बाहेर यायचं असतं तर येता आलं असतं. दांडा चालू होता, मी ढकलून बघितला."

"म्हणजे फोन..."

"फोनचं कुणाला माहीत? तू लांब होतास. मी तर दार किलकिलं करून रोज बघत होतो, आणि बरं आहे म्हणून परत लावत होतो. मी कुणाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. म्हणून तुझं मी सांगणार आहे. तुझ्या भावाला. नंबर दे."

बिनतारी ताडकन उभा राहिला. "तुम्हाला काय अधिकार? मी तुम्हाला अर्ध्या तासापासून ओळखतोय."

"काही अधिकार नाही. नंबर दे."

"ताईंना माहीत आहे हे? दाराचं?"

"नाही."

"म्हणजे माझं चव्हाट्यावर आणणार आणि स्वतःचं झाकून ठेवणार. वा."

 दाजींनी फडक्याला हात पुसले, एकदा पुसून झाले तरी पुन्हा पुसले. मग म्हणाले, "इथेच थांब. जाऊ नकोस. एवढं कर माझ्यासाठी." आणि ते घरात गेले.

ताई मशीनवर होती. सासूबाई खाटेवर. दोघींपैकी एकीलाच सांगावं अशी जागा त्या घरात नव्हतीच. दाजी ताग्यांच्या मधल्या वाटेत उभे राहिले.

"मशीन थांबव जरा."

ती थांबली नाही. दाजींनी खाली वाकून बटण बंद केलं. तीन वर्षांत त्यांनी असं काही केलं नव्हतं. ताईने मान वर केली. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, त्याच्या बसण्यापासून. जाकिटाची घडी सांगितली, बुटांच्या नाड्या सांगितल्या, पाना सांगितला. सांगताना आवाज कापला नाही, याचं त्यांना नंतर आश्चर्य वाटलं. मनात एवढ्यांदा बोलून झालं होतं की शब्द झिजून गुळगुळीत झाले होते.

आधी सासूबाई बोलल्या. मुलीकडे बघूनच बोलल्या. "त्यांना म्हणावं, स्वतःचं नाव धुऊन घ्यायला मेलेल्या पोरावर ढकलू नका."

 मशीनवरच्या पडद्याचं टोक ताईने मुठीत धरलं होतं, ते हळूहळू तिच्या मांडीवर गोळा होत गेलं.

"ते जाकीट," ती शेवटी म्हणाली, "मला परत मिळालं तेव्हा त्याच्या बाह्यांवर घडीच्या रेघा होत्या. मला वाटलं, पोलिसांनी घडी घातली."

"नाही."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुम्हा दोघींना झेपणार नाही असं वाटलं."

"तुम्हाला वाटलं." ती उठली. उठायलाही जागा नव्हती, तिने एक तागा ढकलला आणि तो दुसऱ्यावर कलंडला. "मला काय झेपतं ते तुम्ही ठरवलंत. अहो, मी तीन वर्षं तुमचा राग राग केला. सकाळी उठले की पहिला तोच. माझा भाऊ गेला आणि मी त्याच्यासाठी धड रडले नाही, कारण मला तुमचा राग करायचा होता. त्याला आतून एवढं दुखत होतं हे मला कळलं असतं तर मी निदान त्याच्यासाठी रडले असते. त्याचे केस मी कापत होते. माझ्या हाताखाली त्याची मान होती. आणि त्याचं दुःख काय होतं ते सगळ्या जगात तुम्हाला एकट्याला माहीत, आणि तुम्ही ते खिशात घालून फ्रिज दुरुस्त करत बसलात."

दाजींना वाटलं होतं, खरं कळलं की ती निवळेल. तसं काही झालं नाही. 

"तो पोरगा कुठाय?" तिने एकदम विचारलं.

"शेडमध्ये. तोही बसतो. भावाच्या गॅरेजमध्ये. तसाच."

ताईने डोळे पुसले आणि मागच्या दाराने बाहेर गेली. बिनतारी गेला नव्हता. खोक्यावर बसून उघड्या फ्रिजच्या रिकाम्या कप्प्यांकडे बघत होता.

"फोन काढ," ताई म्हणाली.

"ताई, ऐका ना..."

"मी आता कुणाचं काही ऐकणार नाही. भावाला फोन लाव आणि तूच सांग. मी इथे उभी आहे. तुला जमलं नाही तर मी बोलेन."

त्याने लावला. भाऊ कुठल्या तरी गाडीखाली असावा, ठोकण्याचे आवाज येत होते. बिनतारी आधी इकडचं तिकडचं बोलला, मग अडखळला. ताईने हात पुढे केला तसा त्याने मान हलवली आणि स्वतःच सांगितलं. "मी रात्री तुझ्या गॅरेजमध्ये असतो. नुसता बसतो. मला बरं वाटत नाहीये रे. पुष्कळ दिवस झाले." पलीकडचं ठोकणं थांबलं. भाऊ काय म्हणाला ते ताईला ऐकू आलं नाही. पण तासाभराने एक ग्रीसने माखलेला जाडगेला माणूस कामाच्या कपड्यांतच दारात येऊन उभा राहिला आणि बिनतारीला घेऊन गेला. जाताना त्याने दाजींना विचारलं की याला कुठे दाखवायचं असतं. दाजींना माहीत नव्हतं. ते दोघं मिळून शोधू, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात जुन्या सैनिकांसाठीचा एक दवाखाना सापडला. बिनतारी तिथे जायला लागला. कधी जाई, कधी बुडवी. बुडवलं की भाऊ ताईला फोन करी, आणि ताई बिनतारीला.

घरात पुढचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. ताई आता दाजींशी बोलायची, पण बोलायची ती भांडायलाच. भाजी चिरताना मध्येच थांबून विचारायची, "तो त्या आठवड्यात किती वेळा बसला होता?" दाजी आठवून सांगत. ती पुन्हा चिरायला लागे. कधी पाण्याचा पेला हातात घेऊन नुसतीच रडत उभी राही. दाजींनी जवळ जावं की नाही हे त्यांना कळत नसे. एकदा गेले तर ती म्हणाली, "आत्ता नको." एकदा गेले तर काही म्हणाली नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

शाळेच्या हॉलमधल्या त्या कार्यक्रमाला ताई आणि दाजी दोघंच गेले. बाकांवर तीस-चाळीस माणसं असतील. भाषणं नव्हती. ज्याला त्या माणसाची ओळख होती त्याने उठायचं, नाव घ्यायचं, काय वाटेल ते सांगायचं, खाली बसायचं. एका म्हाताऱ्या बापाला मुलाचं नावच घेता येईना. तो हात जोडून उभा राहिला आणि बसला. बारक्याचं नाव बिनतारी घेणार होता, पण ताई आधी उठली.

"माझा भाऊ," ती म्हणाली, आणि त्याचं खरं नाव सांगितलं, जे घरात कुणी कधी उच्चारत नसे. "तो घरी आला तेव्हा आम्ही त्याचे हात बघितले, पाय बघितले. त्याला काय होतंय हे विचारलं नाही. तो हसत होता म्हणून. त्याला बंद खोलीत बरं वाटायचं, कारण बाहेर त्याला एकही जागा शांत राहिली नव्हती. दाराला काही झालेलं नव्हतं. गावात सगळे म्हणतात तसं नाहीये ते. माझ्या नवऱ्याची त्यात चूक आहे, पण ती नाही." ती बसली. दाजींकडे तिने बघितलं नाही. हॉलमध्ये कोल्ड स्टोरेजचा जुना मॅनेजरही मागे कुठेतरी होता. तो निघताना दाजींच्या बाजूने गेला, थांबला, आणि पुढे गेला.

पाच-सहा दिवसांनी ताई पडदे पोचवायला बाहेर गेली होती. दाजी पाणी प्यायला आत आले. तांब्या घेऊन ताग्यांच्या वाटेतून परत निघाले तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"बोटं दुखली असतील का त्याची?"

दाजी थांबले. घरात तिसरं कुणी नव्हतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच विचारत होत्या.

"आधी दुखतात," दाजी म्हणाले. "मग बधिर होतात. मग म्हणे ऊब वाटायला लागते. म्हणून माणूस जाकीट काढतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले होते. खरं खोटं मला माहीत नाही, आई."

"चेहरा कसा होता?"

दाजींनी तांब्या खाली ठेवला. "झोपल्यासारखा म्हटलं तर खोटं होईल. शांत होता. पण झोपल्यासारखा नव्हता."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सासूबाई या कुशीवर वळल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दाजींच्या तोंडाकडे बघितलं.

"मी त्याला अंगणात उभा केला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला अजून पटलेलं नाही तुमचं. दारच बिघडलं असणार." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "आणि मी विचारलं हे तिला सांगू नका."

 होकार देणं सोपं होतं. तो दाजींच्या जिभेवर आलाही होता.

"नाही, आई," ते म्हणाले. "मी आपणहून बोलणार नाही. पण तिने विचारलं तर सांगेन."

"मग जा," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. दाजी शेडमध्ये गेले. संध्याकाळी ताई आली. तिने चप्पल काढली, आईकडे बघितलं, मग मागच्या दारात येऊन विचारलं, "काय झालंय? आई रडलीय का?"

"बस इथे," दाजी म्हणाले, आणि तिच्यासाठी खोका पुढे सरकवला.